बोलणं पुरं होईपर्यंत

भाचीने खळीचं भांडं बाजूला सरकवलं, मुठीएवढा गोल स्पीकर टेबलावर ठेवला आणि त्याची वायर बोर्डात लावली. मामाने हात लांब करून तो चाचपला. वर जाळी, खाली रबरी तळ. पुस्तकाचा कणा तपासावा तसा त्याने अंगठा एकदा भोवती फिरवला.

"ए... एवढंसं?"

"एवढंसंच. हाक मारायची, टिंग वाजलं की काय हवं ते सांगायचं. मला फोन लावायला सांग."

मामाने हाक मारली. टिंग वाजलं.

"भ... भ..."

"माफ करा, मला समजलं नाही," स्पीकर म्हणाला.

मामाने पुन्हा हाक मारली. या वेळी 'भ'वर तो अडला आणि स्वयंपाकघराच्या दारातून ताईचा आवाज आला, "भाचीला फोन लाव!"

भाचीच्या हातातला फोन वाजू लागला.

"बघ, किती शहाणं आहे," ताई म्हणाली.

"तुझ्यापुरतं," भाचीने फोन कापला.

मामा बुकबाइंडर होता. काचबिंदूने दोन वर्षांपूर्वी नजर गेली, पण शिवण, चिकटवणं, शिकंजा आवळणं बोटांना पाठ होतं. कॉलेजच्या ग्रंथालयाची पुस्तकं अजून त्याच्याकडेच येत. बोलताना तो लहानपणापासून अडखळायचा आणि तेव्हापासून ताई, त्याची थोरली बहीण आणि भाचीची आई, त्याची वाक्यं पुरी करत आली होती. गिऱ्हाइकाला तारीख तीच सांगे, डॉक्टरला दुखणं तीच सांगे. बहुतेक वेळा बरोबर सांगे. उद्या तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तीन आठवडे ती घरी नसणार होती. मामाची बॅग तिने सकाळीच भरून दाराशी ठेवली होती, आणि चार वाजता धाकटा भाऊ त्याला आपल्या घरी न्यायला येणार होता.

"एकटा राहू शकतो का, बघू तर दे," भाची म्हणाली. "डबा मी आणीन रोज. अडीनडीला फोन लावता आला म्हणजे झालं."

"अगं, तोच म्हणाला धाकट्याकडे जातो म्हणून."

"तो म्हणाला, की तू?"

"पन्नास वर्षं ऐकतेय मी त्याला. त्याच्या मनातलं मला कळत नाही होय?"

मामा टेबलावर वाळलेली खळ नखाने खरवडत राहिला.

भाची फोनवर सेटिंग धुंडाळत होती. "सापडलं. 'बोलणं पुरं होईपर्यंत थांबा.' अडखळत बोलणाऱ्यांसाठीच आहे. आधीच लावायला हवं होतं." तिने बटण सरकवलं. "आई, तू जरा बाहेर जा."

"माझ्याच घरातून मला हाकल आता. जात नाही. बसते मुकाट."

"तू आणि मुकाट!" भाचीने बशीतला टोस्ट उचलून तिच्या हातात दिला. "हा दातात धर."

ताईने खरंच धरला.

"धाकट्या मामाचाही नंबर घातलाय यात. पण आधी मला लाव. घाई नाही."

मामाने हाक मारली. टिंग वाजलं. जाळीभोवती निळा उजेड फिरू लागला.

"धा... धा..."

भाचीने मान वर केली. उजेड फिरतच होता. ताई खुर्चीत पुढे सरकली. भाचीने तिच्याकडे नुसतं बघितलं.

"धाकट्याला... नि... निरोप दे."

"काय निरोप देऊ?"

मामाने दोन्ही तळवे टेबलावर टेकले, कागदाची थप्पी दाबून धरावी तसे.

"येऊ न... नकोस. मी घ... घ..."

ताईच्या दाताखाली टोस्ट करकरला. उजेड फिरत राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं, ते पुरतं बंद झालं, तरी उजेड फिरतच होता.

"...घरीच राहणार. काम अ... अर्धं आहे."

"निरोप पाठवला."

ताईने टोस्ट बशीत परत ठेवला. त्यावर दातांचे ठसे होते. खाल्ला नव्हता.

"मला का नाही रे सांगितलंस?"

मामा तिच्या आवाजाकडे वळला.

"सां..."

ताईचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं. खुर्चीच्या दांडीवरची बोटं तेवढी घट्ट झाली.

"सां... सांगतच होतो."

ताई दाराशी भरून ठेवलेल्या बॅगेकडे बघत राहिली. तिचा फोन वाजला. धाकट्याचा आवाज नेहमीच मोठा, खोलीभर ऐकू यायचा.

"ताई, हा कसला निरोप? मी निघालोय इकडून. काय म्हणणं काय आहे त्याचं?"

तिने उत्तरासाठी श्वास घेतला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, टेबलापाशी आली आणि फोन मामाच्या कानाशी नेला.

"त्यालाच विचार," ती तिथूनच धाकट्याला म्हणाली. "आणि ठेवू नकोस लगेच. थोडा वेळ लागतो."