उशिराचं कारण

त्यानं आधी अंगठी काढली, मग घड्याळ, मग फोन. तिन्ही वस्तू पत्र्याच्या डब्यात घालून डबा यंत्रखोलीच्या दाराबाहेर पायरीवर ठेवला. लिफ्टच्या यंत्राला हात लावण्यापूर्वीचा हा त्याचा छत्तीस वर्षांचा नेम. अंगठी-घड्याळ कुठेतरी अडकतं, आणि फोन वाजला की माणूस दचकतो. ब्रेक उघडा असताना दचकून चालत नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण ते हातांना कुणी कळवलं नव्हतं.

खरं तर तो इस्पितळात निघाला होता. सकाळीच वहिनीचा फोन आला होता.

“भाऊजी, डॉक्टर म्हणतात, हे दुपार गाठणार नाहीत. सारखे दाराकडे बघतायत. आज तरी वेळेवर या.”

आज तरी, कारण उशिरा येणं आणि उशिराचं कारण सांगणं, दोन्ही कलांत तो पोचलेला. घरातले त्याला थापाडेमास्तर म्हणत. दादाच्या लग्नात तो पंगती उठल्यावर उगवला आणि म्हणाला, लिफ्टमध्ये हत्ती झोपला होता, इतका गाढ की उठवायला जीव होईना. दादा हसून हसून खाली बसला. तेव्हापासून तो म्हणायचा, “हा वेळेवर आला तर समजा, काहीतरी वाईट झालंय.”

आज तो वेळेवर पोचत होता. वाटेतल्या इमारतीच्या रखवालदारानं ओळखून हात धरला नसता, तर पोचलाही असता. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये एक बाई अडकली होती. तिला दमा होता, आणि दम्याचा पंप वर ऑफिसात टेबलावर राहिला होता.

“कंपनीचा माणूस निघालाय मास्तर. तासभर लागेल म्हणतो.”

“मग बाईंना विचार, तासभर श्वास धरून ठेवतात का.”

विनोद तोंडातून निघाला खरा, पण वरून येणारी शिट्टीसारखी धाप ऐकून त्याचाच चेहरा उतरला. इस्पितळ तिथून दहा मिनिटांवर. त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि जिना धरला.

वीज तोडली. डाव्या हातानं ब्रेकचा दांडा दाबून उजव्या हातानं चाक फिरवायचं. लिफ्ट वीतवीत सरकते, घाई तिला मानवत नाही. रखवालदार चौथ्या मजल्यावरून ओरडत होता.

“आणखी हातभर!”

“बाई बोलतायत का?”

“मघाशी बोलत होत्या.”

बाहेर पायरीवर डब्यात फोन वाजायला लागला. पत्र्यात तो फारच मोठा वाजत होता. त्यानं दांडा सोडला नाही. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. चाक फिरत राहिलं.

तो खाली उतरला तेव्हा बाई भिंतीला टेकून बसली होती, तोंडाला पंप. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती श्वास घेण्यात गुंतली होती. तो फोन कानाला लावून पुढे गेला. वहिनी उचलत नव्हती. अंगठी-घड्याळासकट डबा पायरीवरच राहिला.

इस्पितळाच्या खोलीत दादाच्या नाकातली नळी काढलेली होती. वहिनी शेजारी बसून ओल्या रुमालानं त्याचा चेहरा पुसत होती.

“वीस मिनिटं झाली,” ती म्हणाली.

“वहिनी, एका इमारतीत लिफ्ट…” तो थांबला. कुठलंच कारण त्याला आजवर इतकं थापेसारखं वाटलं नव्हतं.

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. मनगटावर घड्याळाच्या जागी फिका पट्टा, बोटं ग्रीसनं काळी. तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि त्याच रुमालानं एकेक बोट पुसायला लागली.

“ह्यांनी सांगून ठेवलंय. आला की उशिराचं कारण विचार. खरं सांगायला लागला तर ऐकू नकोस.”



“हत्तीच होता,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे त्याची बायको. दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. तिला दमा.”

“मग?”

“सोंडेत हवा शिरेना.”

“सुटली का?”

“सुटली.”

वहिनीनं मान हलवली. रुमालाची घडी करून ठेवली आणि पलंगापलीकडे जाऊन तिथली खुर्ची पुढे सरकवली.

“इकडे बसून पहिल्यापासून सांगा, भाऊजी. त्या कानानं ह्यांना कमी ऐकू येतं.”