पलीकडचा राजा

गोदावरीकाठच्या त्या विणकरांच्या गावाला रुसायची एक रीत होती. वखारवाल्या गोऱ्यांनी भाव पाडला की भांडत बसायचं नाही. माग उचकटायचे, चुली विझवायच्या आणि सगळ्या गावानं नदी ओलांडून दुसऱ्या राजाच्या मुलखात जाऊन बसायचं. तो राजा अभयाचा विडा देऊन ठेवून घ्यायचा. इकडे गोऱ्यांचं जहाज रिकामं उभं राहिलं की ते झक मारत समजूत काढायला यायचे.

यंदा गोऱ्यांनी नवंच काढलं. कापड फक्त त्यांनाच विकायचं, वलंदेज व्यापाऱ्यांना नाही, अरबांना नाही. आणि ते मागावर असतानाच त्यावर त्यांचा शिक्का. म्हणजे पोर जन्मायच्या आधीच दुसऱ्याच्या नावावर करायचं! गाव पेटलं.

म्हातारे चिट्टय्या मात्र कचरत होते. "पलीकडचा राजा ठेवून घेईल ना? नाहीतर मधल्यामधे लटकू."

"माझा बापन्ना परवाच भेटून आलाय त्याला," सोमक्का म्हणाली. "राजानं हातानं विडा दिला. माझ्या भावाचा शब्द तो माझा शब्द."

बापन्ना तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला आंबील भरवून वाढवलं, आपल्या मागावर बसवून धागा जोडायला शिकवलं. त्याच्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. गावानं तिच्याकडे बघून चुली विझवल्या.

सकाळी होड्या पलीकडे लागल्या. पोरंबाळं, कोंबड्या, मागांच्या लाकडांचे भारे. एरवी चिंचेखाली राजाचा माणूस विड्याचं तबक घेऊन उभा असायचा, तिथं आज गोऱ्यांचे लाल डगल्यातले शिपाई बसले होते आणि त्यांच्यामधे खाटेवर बापन्ना, अंगावर कोरं उपरणं.

"या, या," तो म्हणाला. "दमला असाल. ताक घ्या आणि परत फिरा."

"राजा कुठाय?" चिट्टय्यांनी विचारलं.

"गढीत. दारावर गोऱ्यांचीच पलटण आहे. मागच्या लढाईत त्यांनी वाचवला त्याला, आता त्या पलटणीच्या पगारापायी निम्मा मुलूख त्यांच्याकडे. मामा, आधी गिऱ्हाइकंही ढीगभर होती नि राजेही. आता चहूकडे हेच. अजून पुढं जाणार कुठं, समुद्रात?"

"हे तुला परवा माहीत होतं?" सोमक्कानं विचारलं.

"होतं, अक्का."

"आणि विडा?"

"खोटाच. तुम्ही गावात असतात तर हटून बसला असतात. इथं उघड्यावर, पोरं भुकेली, लवकर ऐकाल. वखारीनं मला मुकादम केलंय. दुसरा कुणी असता तर पाठी सोलल्या असत्या तुमच्या. मी निदान ताक तरी ठेवलंय."

"मेल्या, ह्या हातानं भरवलं रे तुला!" तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

"म्हणूनच तर," तो जवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझ्या मागावर शिक्का पडायचा नाही. आधीच बोलून ठेवलंय मी. तू विक कुणालाही."

सोमक्कानं वळून पाहिलं. चिट्टय्या, शेजारीण पोलम्मा, सगळे तिच्याकडे बघत होते. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. बहीण-भावाचं साटंलोटं कळून चुकल्यासारखे चेहरे होते त्यांचे.

"मला ठाऊक नव्हतं हो," ती म्हणाली. "पोलम्मा, तुझ्या गळ्याची शपथ."

पोलम्मानं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि होडीकडे चालू लागली.

"पहिला शिक्का माझ्या मागावर मारा!" सोमक्का शिपायांवर ओरडली. "माझ्या! बहिरे आहात का?"

शिपाई परमुलखातले, त्यांना तिची भाषा कळली नाही. गावाला कळली. चिट्टय्या होडीत चढता चढता म्हणाले, "पुरे कर गं आता. किती सोंगं करशील?"

परतीच्या होडीत दाटी एवढी होती की बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, पण सोमक्काच्या शेजारी कुणी बसलं नाही.