तांबड्या कालवडीची पाठ

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणी तसं म्हणालं तर मला राग येईल, आणि राग आला तरी मला काही बोलता यायचं नाही.

आमचा गोठा गलीलच्या उतारावर, वस्तीच्या अगदी टोकाला. गाई सगळ्या काळ्यापांढऱ्या. त्यातल्या एकीला तांबडी कालवड झाली. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत तांबडी, खूरसुद्धा त्याच रंगाचे. कृत्रिम रेतनवाल्याने घाईत भलत्याच वळूची कांडी वापरली, असं माझं मत. माझ्या नवऱ्याचं, एल्कानाचं, मत वेगळं होतं. तो गुडघ्यावर बसून तिचा केस न् केस बघत राहिला, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा लग्नाच्या दिवशी होता तसा झाला होता.

आम्हा यहुद्यांत हे प्रकरण फार जुनं आहे. मेलेल्या माणसाचा विटाळ फिटायचा तर तांबड्या कालवडीची राख पाण्यात मिसळून शिंपडावी लागते, आणि ती राख संपून युगं लोटली. तेव्हापासून आम्ही सगळेच विटाळलेले. उद्या यरुशलेमला मंदिर उभं राहिलं तरी आत पाय ठेवायची सोय नाही. मंदिर झाल्याशिवाय मसीहा येणार कसा, असं म्हणणारे लोक थोडे नाहीत, आणि त्यांना मंदिराच्या आधी कालवड लागते. ती अशीतशी चालत नाही. दोन केस दुसऱ्या रंगाचे निघाले की बाद. मानेवर कधी जू आलं तर बाद. आणि जू म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. कुणी स्वतःच्या सोयीसाठी तिच्या पाठीवर अंगरखा टाकला, तिला टेकून उभं राहिलं, अंगाचा भार दिला, की तिने माणसाचं काम केलं असं धरतात. मग ती इतर गाईंसारखीच एक गाय.

एल्कानाला त्याआधी कुणी विचारत नव्हतं. त्याने आवोकाडो लावले, ते गारठ्याने गेले. कोंबड्या पाळल्या, त्यांना रोग आला. प्रार्थनेच्या सभागृहात तो मागच्या बाकावर बसायचा, आणि एल्कानाने हात लावला की लिंबूसुद्धा सुकतं, अशी थट्टा त्याच्या तोंडावर चालायची. तोही हसायचा. कालवड झाली आणि दाराशी गाड्या थांबायला लागल्या. यरुशलेमच्या मंदिर-मंडळाचे लोक आले, तिच्या कानाला भोक पडून खोट येऊ नये म्हणून बिल्ला न मारण्याची परवानगी त्यांनीच कुठूनशी मिळवली, दाढीवाले मोठमोठे पुरुष माझ्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेऊन बोलायला लागले. ती तिसऱ्या वर्षात आल्यावर धर्मगुरू रब्बी गेदाल्या स्वतः येऊन तिला तपासणार होते. तोवर तिला जपायचं, एवढंच एल्कानाचं काम. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडून काही बिघडत नव्हतं. तो ताठ चालायला लागला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं.

माझे सासरे नहूम. कुर्दिस्तानच्या डोंगरातून लहानपणी आलेले, गुडघे गेलेले, हातात काठी. रोज सकाळी ते तिच्या दावणीत जायचे आणि आईकडून शिकलेल्या जुन्या भाषेत तिच्याशी गप्पा मारायचे. तिला ते रिमोना म्हणायचे, म्हणजे डाळिंब. एल्कानाला ते खपायचं नाही. म्हणायचा, अब्बा, ती पाळलेली नाही, नाव कशाला ठेवता? आणि एल्काना पाठ वळवतो न वळवतो तोच अब्बा पुन्हा रिमोना, रिमोना.

त्यांना गोठ्यात येऊच द्यायचं नाही, असं एल्कानाच्या मनात होतं. ते मी होऊ दिलं नाही. मग त्याने उजळणी सुरू केली. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला मंडळाचे पाहुणे असले की तो त्यांच्यासमोर अब्बांना नियम विचारायचा. अब्बाही गमतीत उत्तरं द्यायचे. टेकायचं नाही. घाम पुसलेला पंचा तिच्यावर टाकायचा नाही. पाखरू येऊन बसलं तर चालतं, नहूम बसला तर चालत नाही. पाहुणे हसायचे.

एकदा त्याने विचारलं, "आणि पाय घसरला तर?"

उत्तर एल्कानानेच दिलं. "तर पडायचं, अब्बा. तुमचं हाड जुळून येईल. तिची पाठ पुन्हा तशी होणार नाही."

त्यावर तर फारच हशा पिकला. अब्बा हसले. मी हसले, आणि आंबट रश्शातले खिम्याचे कुब्बे वाढत राहिले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

पुरिमचा सण तोंडावर आला होता. फरशी नुकतीच धुतलेली, मी वासरांच्या दुधाची बादली घेऊन दाराशी पोचलेली. अब्बा रिमोनाला मुठीतून भाकरीचा तुकडा भरवत होते. वळले, आणि काठी ओल्या फरशीवरून सटकली. मी पाहिलं. त्यांचा उजवा हात आपोआप तिच्या पाठीकडे गेला, कुणाचाही जाईल तसा. पाठ तिथेच होती, रुंद, हात टेकायच्या उंचीची, जणू त्यासाठीच उभी. आणि तो हात हवेतच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, छातीशी धरला, आणि तसेच कुशीवर पडले. पडल्याचा आवाज मी कधी विसरणार नाही.

एल्काना गव्हाणीपाशी होता, माझ्यापेक्षा जवळ. तो धावला. अब्बांच्या पायांवरून उडी मारून तो कालवडीपाशी गेला. दोन्ही हातांनी तिचं तोंड धरून तिला उजेडाकडे वळवलं, आणि पाठीशी डोळे नेऊन केस बघायला लागला, आधी उजवीकडून, मग डावीकडून.

खालून अब्बा म्हणाले, "हात नाही लावला रे. नीट बघ तू, पण मी हात नाही लावला."

माझी बादली कधी पडली ते मला कळलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पाय भलत्याच दिशेला वळला होता. एल्काना नंतर आला. अब्बांच्या डोक्याखाली त्याने आपलं जाकीट ठेवलं, त्यांना हाका मारल्या, रडलाही. ते रडणं खरं होतं. पण त्याचे हात आधी कालवडीला लागून मग अब्बांकडे आले होते, आणि ते त्यालाही माहीत होतं, मलाही, आणि अब्बांनाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये अब्बांनी माझा हात धरून विचारलं, तिला काही झालं नाही ना?

त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांशी नीट बोललो नाही. मीठ दे, दार लाव, इस्पितळात कोण जातंय, एवढंच. त्याने एकदा सुरुवात केली, येमिमा, त्या क्षणी मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, सुचलं की. तेच तर सुचलं.

ठरल्या दिवशी रब्बी गेदाल्या आले. बरोबर मंडळाचे चिटणीस बेन्त्सियोन, पोट सुटलेले, हातात फोन. रब्बी भिंग घेऊन कालवडीभोवती फार वेळ फिरले. पापण्या पाहिल्या, शेपटीचा गोंडा सोडवून पाहिला. एकही केस दुसऱ्या रंगाचा नव्हता. मग त्यांनी एल्कानाला समोर उभं करून विचारलं, हिच्यावर कधी कुणी भार दिला का? एल्काना म्हणाला, नाही.

"तुझे वडील हिच्याशेजारीच पडले म्हणे."

"पडले. पण धरलं नाही. ते स्वतः सांगतात."

"इतक्या दुखण्यात माणसाला आपला हात कुठे गेला ते कळत नाही, बाळा. दुसरं कुणी सांगेल?"

मी दाराशी उभी होते. तो थांबलेला हात मी डोळ्यांनी पाहिला होता. माझ्या एका वाक्यात काम भागलं असतं, रब्बींनी ते मानलंही असतं. मी बोलले नाही. तो काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं, आणि मला दयाही येत नव्हती.

एल्काना म्हणाला, त्याने पाठ तपासली होती. भाकरी भरवलेला ओला हात लागला असता तर केस दबले असते, डाग पडला असता. काही नव्हतं.

"कधी तपासली?"

"लगेच."

"लगेच म्हणजे? त्यांना उचलल्यावर? तोवर केस पुन्हा उभे राहतात. तो पुरावा चालत नाही."

एल्कानाचे कान लाल झाले. आता दोनच वाटा होत्या. गप्प राहिला तर शंका आली, आणि शंका आली की कालवड बाद. बोलला तर कालवड वाचणार होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली नाही.

"उचलण्याआधी," तो म्हणाला. "ते खाली पडलेले असताना. मी आधी हिच्याकडे गेलो."

रब्बींनी भिंग कापडात गुंडाळलं. गुंडाळायला त्यांना बराच वेळ लागला. "मग शंका उरली नाही," ते म्हणाले. "कालवड चालेल." मी कॉफी ठेवली होती, ती त्यांनी घेतली नाही. वडील कुठल्या इस्पितळात आहेत एवढं विचारलं आणि गाडीत जाऊन बसले.

बेन्त्सियोन मात्र हरखून गेले होते. त्यांनी एल्कानाला मिठी मारली, माझ्याकडे न बघता मलाही आशीर्वाद दिले, आणि आवारातूनच फोन लावायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट कुठे कुठे पोचली देव जाणे. म्हाताऱ्याने हाड मोडून घेतलं, पण पवित्र जनावराला हात लावला नाही. आणि मुलगा बघा, बाप समोर पडलेला असताना आधी देवाच्या कामाकडे धावला. अशी गोष्ट. ज्यापायी आम्हाला तोंड लपवावंसं वाटत होतं, तेच लोक डोक्यावर घेऊन नाचत होते.

पुरिमनंतर सभागृहात तांबड्या कालवडीचा अध्याय वाचायचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा शनिवार, येतो. त्या दिवशी एल्कानाला मानाने पोथीपाशी बोलावलं. मागच्या बाकावरून पुढे येईपर्यंत पुरुष त्याच्या खांद्याला हात लावत होते. लिंबाची थट्टा ज्याने काढली होती तो शेजारी तर उठूनच उभा राहिला. बायकांच्या बाजूला, वर जाळीमागे, माझ्या दोन्ही बाजूंनी बायका वाकून सांगत होत्या की पोरी, तुझं नशीब थोर. एका म्हातारीने माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मला तो हात अंगापासून दूर ठेवावासा वाटला. खाली एल्काना पोथीसमोर उभा होता. आशीर्वादाची वाक्यं लहानपणापासून पाठ, तरी तो मध्येच अडला, आणि लोकांना वाटलं की भक्तीने गळा दाटला.

घरी येताना तो मोठ्या रस्त्याने आला नाही. कुंपणाच्या मागून, चिखलातून आला. मी त्याच्या मागे. फाटकाशी थांबून म्हणाला, "एकाने जरी शिवी घातली असती ना, तर मला बरं वाटलं असतं."

मी म्हटलं, "मी घालणार होते. पण तुझ्या तोंडाकडे बघून घातली नाही."

त्यानंतर कालवडीला गोठ्यातून मंडळाच्या जागी नेलं. निरोपाला बरीच मंडळी जमली, गाणी झाली. एल्काना त्या वेळी इस्पितळात होता. रोजच जायचा आता. अब्बांचे पाय चोळायचा, दाढी करायचा, सूप गाळून न्यायचा. अब्बा त्याच्याशी छान बोलायचे. एका शब्दाने त्यांनी कधी तो विषय काढला नाही. काढला असता तर एल्काना त्यांच्या पायांवर पडला असता. पण त्यांच्या मनात काढण्यासारखं काही नव्हतंच. त्यांच्या दृष्टीने मुलाने बरोबर केलं होतं, आणि त्यांनीही. ते आनंदात होते. हे सहन करणं एल्कानाला सगळ्यांत जड जात होतं.

मग त्यांना उभं करायचा दिवस आला. व्यायाम घेणारी बाई रशियन, आवाज मोठा. तिने अब्बांना पलंगाच्या कडेला बसवलं, एल्कानाला पुढ्यात उभं केलं आणि बजावलं की आजोबा, मुलाच्या खांद्यावर हात टाका, सगळा भार टाका, घाबरू नका.

अब्बा उठले. दोन्ही हात वर आले, एल्कानाच्या खांद्यांपर्यंत पोचले, आणि थांबले. हवेतच. मी ओळखलं ते थांबणं. एल्कानाने ते त्या दिवशी पाहिलं नव्हतं, त्याची नजर दुसरीकडे होती. आज त्याने पाहिलं.

"एल्काना," अब्बांनी विचारलं, "टेकू का? चालेल ना?"

त्यात टोमणा नव्हता. अब्बांना टोमणा मारता येत नाही. ते खरोखरच विचारत होते.

एल्काना त्या थांबलेल्या हातांकडे बघत राहिला. बाई ओरडली, टाका हात, कशाची वाट बघताय? अब्बांचे गुडघे थरथरायला लागले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "टेका, अब्बा. टेका ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात तसेच धरून ते मुलाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.