पहिले वीस नग

फोरमनने कागदावर सातवी ओळ लिहिली आणि आठवी गिळून टाकली.

कारखाना स्प्रिंगांचा. दोन महिन्यांपूर्वी तो एका परदेशी कंपनीने विकत घेतला आणि नव्या मॅनेजरबाईंनी फर्मान काढलं: प्रत्येकाने आपलं काम असं लिहून द्यायचं, की नवख्यालाही वाचून करता यावं. घ्या! म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर कुऱ्हाड. तीन नंबरची मशीन बावीस वर्षं त्याच्याशिवाय कोणाला जमली नव्हती. त्याला ताप आला की मशीन बंद, आणि जुने मालक दारात गाडी पाठवत. केवढा मान! त्या मानापायी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं आणि बिचारी भिंत धरून चालत होती.

आठवी ओळ तशी साधी होती. तारेचं नवं बंडल लावलं की पहिले वीस नग फेकायचे, मगच माप जुळवायचं. घाई केली की पुढचे सगळे आखूड.

तिसऱ्या दिवशी बाईंनी त्याला बोलावलं. टेबलावर स्प्रिंगांचा ढीग होता.

"तुमचा कागद समोर ठेवून मी स्वतः मशीन चालवली, काका. तीनशे नग भंगारात."

फोरमनने ढिगातली एक स्प्रिंग उचलून पाहिली; आखूडच होती.

"काही लिहायचं राहिलंय का?"

खोटं अगदी ओठावर आलं होतं. पण बाईंच्या नखांत ग्रीस होतं. मॅनेजरच्या नखांत ग्रीस त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"राहिलं नाही, ठेवलं," तो म्हणाला. "सगळं लिहून दिल्यावर मला कोण विचारतंय, बाई?"

बाईंनी एक तक्ता त्याच्यापुढे सरकवला. त्याच्या नावापुढे लाल खूण होती.

"ज्या मशीनला एकच माणूस, तिथे वरचे लोक ही खूण करतात. तुम्ही नको आहात म्हणून नाही. तुम्ही आजारी पडलात की कारखानाही झोपतो, म्हणून. आणि ते विचारतायत, या माणसाच्या रजांची नोंद हरवली का?"

"हरवायला घेतल्या कुठे?"

"तेच सांगितलं मी. विश्वास बसेना त्यांचा." बाई हसल्या. "आठवी ओळ लिहा. मशीनवरच्या दोन मुलींना शिकवा. मग तीन आठवडे रजा. आल्यावर चार नंबरची नवी मशीन तुम्हीच बसवायची आहे."

फोरमन खुर्चीत मटकन बसला. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता, आणि वेड्यासारखं रडू येत होतं. त्याने पेन मागून घेतलं.

महिनाभराने ऑपरेशन झालं. डॉक्टर 'उत्तम' म्हणून गेले, तोच फोन वाजला. कारखान्याचा नंबर बघून तो चटकन उठून उभा राहिला.

"काकूंचा गुडघा कसा आहे?" बाई विचारत होत्या.

"छान झालं सगळं. तीन नंबर?"

"चालतेय. काल तुमच्यापेक्षा चाळीस नग जास्त निघाले. रागावू नका हं."

रागावला नाही तो. जरासं टोचलं, एवढंच.

कॉटवर बायकोने गुंगीतच डोळे किलकिले केले.

"कारखान्यातून ना? जा तुम्ही. माझं मी बघेन."

त्याने स्टूल कॉटजवळ ओढलं.

"नाही गं," तो म्हणाला, "कोणी बोलावलं नाहीये."