रामलिंग मास्तरांचा प्रयोग

कुऱ्हाडीचं पातं अजून पुरतं तांबडं झालं नव्हतं. रामलिंग मास्तरांनी सायकल तशीच आडवी टाकली आणि माणसांना कोपरांनी ढकलत ते आत घुसले. त्यांच्या मागून धापा टाकत झुंबर आली. नऊ-दहा वर्षांची ती पोर गावातल्या हायस्कुलात थेट वर्गात शिरून ओरडली होती, “मास्तर, दादाचा हात जाळायलेत!” आणि मास्तर हातातला खडूसुद्धा न ठेवता निघाले होते.

माळावर पारध्यांची पालं होती. पालांच्या मधोमध गोवऱ्यांचा आर फुलला होता आणि त्यात कुऱ्हाड खुपसलेली होती. समोर झुंबरचा भाऊ लखू काळे उभा होता. त्याचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून मिटला होता. सकाळपासून त्याला मारत होते हे कोणी सांगायची गरज नव्हती. उजव्या तळहातावर पिंपळाची पानं ठेवून ती कच्च्या सुतानं बांधली होती.

“सोडा ते सूत!” मास्तर ओरडले.

“मास्तर, ही आमच्या जातीची गोष्ट हाय,” दगडू पंच बसल्या जागेवरून म्हणाला. “तुमी सरका.”

दगडूला सरक म्हणायची कोणाची छाती नव्हती. चार दिवसांपूर्वी पोलिसांनी त्याच्या लेकाला, बापूला, पहाटे पालातून ओढून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून परत पाठवलं, तेव्हा त्याच्या फासळ्या आत गेल्या होत्या. रक्त ओकून ओकून तो संध्याकाळपर्यंत मेला. आडत्या शरणबसप्पाच्या दुकानातून तुरीची पोती गेली होती, एवढंच निमित्त. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण ठाण्याला ते कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. कुठंही काही गेलं की जमादार आधी याच माळावर यायचा.

पण बापू नेमका कडेच्या पालात निजतो, हे पोलिसांना कोणी सांगितलं? साऱ्या वस्तीच्या डोक्यात हा एकच प्रश्न घुमत होता, आणि त्याचं उत्तर वस्तीनं शोधून काढलं होतं. त्या उत्तराला कारणही रामलिंग मास्तरच झाले होते.

रामलिंग मास्तर हा काही मोठा माणूस नव्हता. विज्ञान आणि गणित शिकवायचा, गळ्यात लिंग, डोक्यावर काळी टोपी, आणि हातात कायम निरगुडीची छडी. तालुक्यात त्यांचं नाव होतं ते मारकुटे म्हणून. गणित चुकलं तर एक छडी आणि खोटं बोललं तर हात सुजेपर्यंत, असा त्यांचा हिशेब. पोरांच्या आया त्यांना शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोरांना त्यांच्याच वर्गात पाठवायच्या. लखू पहिल्यांदा शाळेत आला तेव्हा खिडकीतून खाकी टोपी दिसली की बाकावरून उडी मारून पळायचा. मास्तरांनी त्याला त्यासाठीही बडवला. “पळतोस म्हणून ते तुला चोर म्हणतात, गाढवा!” असं म्हणून बडवला. आणि हेच पोर यंदा मॅट्रिक झालं. माळावरचं पहिलं. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोकडून, चन्नम्माकडून, पुरणाच्या पोळ्या करून घेतल्या आणि लखूला समोर बसवून, रागावून रागावून, त्या सगळ्या खायला लावल्या.

परवा त्याला सोलापूरला जायचं होतं. पॉलिटेक्निकला साहेबांपुढे कागदावर आकृती काढून दाखवायची, जमली की प्रवेश. तीन वर्षांनी पारध्याचा पोर ओव्हरसिअर! मास्तरांना रात्री झोप लागत नव्हती. पण लखूची आई सोनकी अडून बसली होती. सरकारच्या घरात गेलेला माणूस माघारी येत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. तिचा नवरा तसाच गेला होता. मग मास्तरांनी एक शहाणपणा केला. नळदुर्गच्या रस्त्याच्या कामावर ओव्हरसिअर असलेल्या बाबूरावांना गळ घालून ते त्यांची जीप माळावर घेऊन आले. म्हटलं, तिला दिसू दे तरी पोरगा काय होणार आहे ते. बाबूरावांनी तिपाईवर दुर्बिणीची नळी बसवली आणि लखूला नळीतून बघायला सांगितलं. लखूनं एकेका पालाकडे नळी फिरवली. झुंबर रंगवलेली पट्टी धरून पालापालापुढे उभी राहिली, लखू मोठ्यानं आकडे सांगत गेला आणि बाबूरावांनी त्याची पाठ थोपटली. मास्तर तर टाळ्या पिटत होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांची जीप आली आणि सरळ कडेच्या पालापुढे थांबली.

“नळी लावून पाल न् पाल बघितलं त्यानं,” दगडू आता म्हणत होता. “बोलून बोलून लिहून दिलं. आन् म्हनतो, म्या काय केलं न्हाय.”

“अरे, ती उंचसखल मोजायची नळी आहे! जमिनीचा उतार—”

“हातावर कुऱ्हाड घिऊन त्या रेघंपतूर जाईल,” दगडूनं काठीनं मातीतली रेघ दाखवली. “खरा असला तर पानं जळतील, हात न्हाय. लबाड असला तर हात सांगंल. माज्या बापानं धरली, म्या धरली.” त्यानं आपला तळहात पुढं केला. तो हात निबर होता, पण धड होता.

मास्तरांनी लखूच्या हाताकडे पाहिलं. हा हात गेला की सगळंच गेलं. त्यांना एकदम रडू फुटायला आलं, आणि रडू आलं की हा माणूस भांडायचा.

“लोखंडाला खरं-खोटं कळत नाही रे! विस्तव कुणालाही जाळतो. खऱ्यालासुद्धा जाळतो!”

“व्हय?” दगडू उठून उभा राहिला. “आन् माजा बापू? त्यो तर खरा हुता. त्याला काहून मारलं?”

दोन गडी पुढं आले आणि त्यांनी लखूला खांद्याला धरलं. लखूनं मास्तरांकडे बघितलं, वर्गात उत्तर येत नसलं की बघायचा तसं.

“थांबा!” मास्तर म्हणाले. “मी धरतो.”

लखूला धरलेले गडी मास्तरांकडे वळले.

“मी फौजदाराला काही सांगितलेलं नाही. हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे मी खरा. बरोबर? आता मी कुऱ्हाड धरली आणि माझा हात भाजला, तर तुमची परीक्षा खोटी ठरली. मग पोराला सोडायचं. बोला, कबूल?”

वर्गात प्रयोग मांडावा इतकं ते त्यांना सोपं वाटत होतं. दगडूनं काठीनं पुन्हा ती रेघ दाखवली.

“धरा,” तो म्हणाला.

लखूच्या हातावरची पानं मास्तरांनी स्वतः सोडवून आपल्या उजव्या हातावर घेतली. दगडूनं सूत बांधलं. चिमट्यानं पातं बाहेर काढलं तेव्हा ते जास्वंदीसारखं लाल होतं. तळहातावर ठेवताच पानं चरचरली, धूर निघाला. मास्तर दोन पावलं चालले. तिसऱ्याला पानं संपली. मांस जळाल्याचा वास सुटला. बायकांनी तोंडाला पदर लावले. मास्तरांच्या घशातून गुरासारखा आवाज निघाला, तरी त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं, आणि मग गुडघ्यावर कोसळले. पातं मातीत पडलं. तळहाताची कातडी त्याला चिकटून गेली होती.

पण पठ्ठ्या तसाच, गुडघ्यावर बसून, तो लाल हात साऱ्यांना दाखवत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

“बघा! भाजला! आता कळलं का?”

“कळलं,” दगडू म्हणाला.

त्या आवाजावरूनच मास्तरांच्या ध्यानात आलं की काहीतरी भयंकर चुकलंय.

“जीप कोण आणली?” दगडूनं विचारलं.

“मी.”

“नळी कोण लावायला लावली?”

“मीच.”

“मग फौजदाराला कोण सांगितलं?”

माणसं जवळ सरकली. मास्तर बोलायला गेले, नाही म्हणायला, आणि थांबले. लखूला धरलेले हात अजून सैल झाले नव्हते. एक बाई चिमट्यानं पातं उचलून पुन्हा आरात ठेवत होती. नाही म्हटलं की पुन्हा पानं, पुन्हा सूत, पुन्हा लखूचा हात. खोटं बोलल्याबद्दल दोन पिढ्यांना बडवलेल्या माणसानं मान खाली घातली.

“मी सांगितलं,” ते म्हणाले.

“न्हाय!” लखू किंचाळला. “मास्तर लबाड बोलायलेत! दगडूबाबा, त्यांनी न्हाय—”

गड्यांनी त्याला सोडलेलं पाहताच मास्तर कसेबसे उठले आणि डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत अशी मारली की पोर धुळीत पडला.

“तोंड मिट!” ते म्हणाले, आणि मग त्यालाच ऐकू जाईल असं, “परवाची गाडी चुकली तर जिवंत सोडणार नाही तुला.”

पहिली काठी दगडूनं घातली. मग कोणी कोणी घातल्या ते मास्तरांना कळलं नाही. खांद्यावर, बरगड्यांवर, नडग्यांवर. टोपी गेली, एक दात गेला. बापूची बायको येऊन त्यांच्या तोंडावर मूठमूठ माती मारत होती आणि नवऱ्याचं नाव घेऊन हंबरत होती. मास्तरांनी भाजलेला हात पोटाशी घेतला होता. सोनकीनं काठी घेतली नाही. ती पोराजवळ बसली, त्याचा उजवा तळहात उलटासुलटा करून पाहिला, पदरानं पुसला. मग उठून आली आणि मास्तरांच्या अंगावर थुंकली.

“माज्या लेकराला पुढं करून आमचा मानूस खाल्लास,” ती म्हणाली. “तुज्या सावलीत न्हाय ठिवायची म्या त्याला. लांब धाडीन.”

मास्तरांना त्यातलं शेवटचंच ऐकू आलं असावं.

हेडमास्तर विष्णुपंतांना मास्तरांनी सांगितलं की सायकलवरून गुऱ्हाळाच्या चुलाणात पडलो. विष्णुपंत चांगले माणूस होते, पण खुळे नव्हते. “अहो, चुलाणात पडलेल्याच्या पाठीवर काठीचे वळ उठतात होय? ठाण्यावर कळवतो, सगळी वस्ती आत घालतील,” ते म्हणाले.

“म्हणूनच म्हणतो, पडलो,” मास्तर म्हणाले. विष्णुपंतांनी पुन्हा विषय काढला नाही.

लखू सोलापूरला गेला. एस.टी.त त्याला आईनंच बसवलं, आणि मास्तर स्टँडवर दिसतात का म्हणून ती चारी बाजूंना डोळे वटारून बघत होती. मास्तर हॉटेलच्या कुडाआड उभे होते. गाडी सुटेपर्यंत त्यांनी डोकं बाहेर काढलं नाही. महिन्याभरानं प्रवेश झाल्याचं कळलं, तेव्हा घरी काही गोड झालं नाही. चन्नम्मा त्यांना भात भरवत होती. तिनं विचारलं, “आता तरी त्या लोकांना खरं सांगावं की नाही?” मास्तर म्हणाले, “तीन वर्षं जाऊ देत.” मास्तरांची बोटं आखडून एकमेकांना चिकटली होती. फळ्यावर ते डाव्या हातानं लिहायचे. वर्तुळ बटाट्यासारखं यायचं आणि पोरं हसायची. छडीही डाव्या हातानं लागत नाही हे पोरांना लवकरच कळलं.

माळावरून शाळेत येणारी पाच पोरं त्या दिवसापासून आली नाहीत. त्यांच्यातच झुंबरही होती.

पावसाळा सरता सरता एकदा मास्तर माळाकडच्या रस्त्यानं सायकलवर चालले होते. डावा हात मुठीवर, उजवा छातीशी. वरच्या बांधावर झुंबर शेळ्या राखत होती. त्यांना ओळखताच ती उभी राहिली, वाकली, आणि काय होतंय ते कळायच्या आत दगड येऊन मास्तरांच्या कानाच्या वर बसला. सायकल डगमगली. मास्तर पाय टेकून उभे राहिले. मानेवर रक्ताचा ओघळ आला.

त्यांनी वर बघितलं. लांबून, चढावरून, चालत्या सायकलवर. वेग धरून, उतार धरून मारला होता पोरीनं. अंदाजानं असं जमत नाही. डोक्यात हिशेब चालावा लागतो. मास्तरांना राग यायला हवा होता. पण केवढी मोठी गोष्ट हातातून गेली, असंच वाटलं.

“झुंबर!” ते ओरडले. “शाळा चालूच आहे! उद्या येऊन बस!”

पोरीनं दुसरा दगड उचलला. मास्तर हलले नाहीत.

तोही बरोबर लागला.