शून्य चौकीचा भोंगा

"पोर्‍या वाटीले वळत नही, माय. एकडाव कान दखाडी ल्या," असं रंजनाबाईंनी मला सांगितलं तेव्हा अमृत चार महिन्यांचा होता. मी "बरं" म्हणाले आणि दुपट्याची घडी घालायला लागले.

रंजनाबाई शहाद्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाळांना मालीश करतात. त्यांची एक पद्धत आहे. बाळाला पायांवर घेतलं की तेलाला हात लावण्याआधी त्याच्या डोक्यामागे वाटी फरशीवर टणकन आपटायची. बाळाने मान वळवली किंवा निदान डोळे मिचकावले की मगच तेल. अमृतने महिनाभर ना मान वळवली ना डोळे मिचकावले. तो त्यांच्या कपाळावरच्या गोंदणाकडे बघून हसायचा.

मी बी.एस्सी. आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. बाळाची मी वही ठेवली होती. दूध किती वाजता, शी कोणत्या रंगाची, ताप किती, झोप किती. रात्री उठून त्याच्या नाकाखाली बोट धरायचे, श्वास चालू आहे ना म्हणून. अशा आईला वाटी आपटणारी बाई काय सांगणार, हा माझा तोरा. शिवाय वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, 'आवाजाला दचकतो का? हो.' पाचवीला सासूबाईंनी, म्हणजे धनुबाईंनी, काशाची थाळी वाजवली आणि तो सगळा अंगासकट दचकला, ते मी स्वतः पाहिलं होतं. थाळी पाळण्याच्या दांडीला टेकवून वाजवली होती, पाळणाच हादरला होता, हेही पाहिलं होतं, पण ते काही लिहिलं नाही. दवाखान्यातून निघताना दिलेल्या कागदावर 'कानाची तपासणी करून घ्या' असं छापलेलं होतं. तेवढ्यासाठी परत कुठे जायचं, म्हणून तो कागद वहीतच राहिला.

आणि बाळ इतकं शांत. दिराच्या हळदीला अंगणात डीजे लागला होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि अमृत गाढ झोपलेला. सगळ्या बायका येऊन येऊन बघून गेल्या. मला अभिमान वाटला होता.

तो सात महिन्यांचा असताना नवापूरला 'शून्य चौकी'चा मेळावा भरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी चौथी-पाचवीत असताना रविवारी सकाळी ही हिंदी मालिका लागायची. अंतराळात एक पडकी चौकी, तिथे वेगवेगळ्या ग्रहांवरून आलेली माणसं. त्यात नीरवा नावाची एक होती, चंदेरी रंगाची. तिच्या ग्रहावर हवाच नाही, म्हणून आवाजही नाही, म्हणून ती हातांनी बोलायची. छातीवर तळवा ठेवून मग तो समोरच्याकडे उघडला की अर्थ, 'बोल, मी इकडेच आहे.' ही खूण मी शाळेत बाकाखालून मैत्रिणींना करायचे. मालिका वर्षभरात बंद पडली. नीरवा मात्र डोक्यात राहिली. बाळंतपणात कळा येत होत्या तेव्हाही मी छातीवर तळवा ठेवून पडले होते, ते फक्त आमच्या मिस्टरांना माहीत आहे.

धडगावचे एक शिक्षक आहेत, दिग्विजय सर. त्यांनी या मालिकेच्या वेड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. शहादा, धुळे, सुरत, व्यारा, सगळीकडची माणसं. त्यांनीच एक दिवस टाकलं की नीरवेचं काम करणार्‍या बाईंचा पत्ता लागला आहे. श्रेयनामावलीत नुसतं 'रिबेका' असायचं, आम्ही सगळे त्यांना मुंबईच्या समजत होतो. त्या निघाल्या नवापूरजवळच्या एका पाड्यावरच्या. मालिका संपल्यावर परत येऊन मुलींच्या वसतिगृहात नोकरीला लागल्या होत्या.

सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा पोराला घेऊन गर्दीत कशाला. हेमकांत, म्हणजे आमचे मिस्टर, म्हणाले, जाऊ दे आई, ती सात महिन्यांत घराबाहेर पडलेली नाही. मी दोन पिशव्या भरल्या. थर्मामीटर दोन घेतले.

मेळावा हायवेजवळच्या मंगल कार्यालयात होता. दारावर गुलाबपाणी शिंपडत होते. आत सगळी चौकी उभी केलेली. भिंती अंड्यांच्या ट्रेच्या, शेकडो ट्रे एकाला एक चिकटवून चंदेरी रंग मारलेले. लांबून खरोखर यानाचं पोट वाटत होतं, जवळ गेलं की कोंबड्यांचा वास. कुणी बरणीचं शिरस्त्राण केलेलं, कुणी अंगाला फॉइल गुंडाळलेलं. सुरतच्या एका काकांनी तर जरीच्या कापडाचा अंतराळवेश शिवून आणला होता, आणि "यह तो वरराजा लगता है" म्हणून त्यांची बायकोच त्यांना चिडवत होती.

ठरलं असं होतं की रिबेकाताई मंचावर आल्या की मालिकेतला चौकीचा भोंगा वाजवायचा. भोंग्यासाठी लग्नाचे डीजे बॉक्स आणलेले. आम्ही दुसर्‍या रांगेत, बॉक्सच्या अगदी समोर.

त्या आल्या. साधी सुती साडी, पांढरे झालेले केस, चंदेरी रंगाचा मागमूस नाही. आणि भोंगा वाजला. हॉलमधली झाडून सगळी पोरं एकदम रडायला लागली. शेजारच्या बाईंची तीन वर्षांची मुलगी खुर्चीखाली शिरली. अमृत माझ्या मांडीवर जागा होता आणि ओढणीचा गोंडा चोखत होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती गुणी आहे हो तुमचा." मी हसले. वर पाहिलं तर मंचावरून रिबेकाताई आमच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना माझी ओळखच पटली. माणसाचं मन कसलं असतं बघा.

मग त्या बोलल्या. वर्षभर चाललेल्या मालिकेत त्यांचा एक शब्द नव्हता, त्यामुळे तो आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. जाड, थोडा बसका, नवापूरकडचा हेल असलेला. त्या खुणा लेखकाने नाही, त्यांनी स्वतः घरून आणल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. टाळ्यांऐवजी सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवली, नीरवेच्या ग्रहावरच्या रिवाजाप्रमाणे. शंभरेक माणसं, दोनशे हात. तेव्हा अमृतने गोंडा सोडला आणि दोन्ही हात वर करून तो असा काही किंचाळला की पुढची रांग वळून बघायला लागली.

जेवणाआधी भेटीची रांग लागली. प्रत्येकाने शाल, नारळ, कुणी घरची पापडी आणलेली. मी वीस वर्षांपासून काय बोलायचं ते ठरवत होते. माझा नंबर आला, हेमकांतनी फोन उचलून धरला, मी रिबेकाताईंचा फोटो पुढे केला आणि सही कोणाच्या नावाने हवी ते सांगायला लागले.

त्यांनी पेन उचललंच नाही. "तुझं नाही. याचं नाव काय?"

मी सांगितलं. भोंगा वाजला तेव्हा तो जागा होता का, हे त्यांनी विचारलं. मी फुशारकीने म्हणाले की जागाच होता, हा कशालाच भीत नाही, आणि हळदीच्या डीजेची गोष्टही सांगून टाकली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली. मग त्याला मला खांद्यावर धरायला लावलं, टेबलावरचा स्टीलचा ग्लास आणि चमचा उचलला आणि त्याला दिसणार नाहीत अशा बाजूला जाऊन, हात लांब धरून, तीनदा वाजवला. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. अमृत माझं कानातलं बघत होता. मग त्या पुढे आल्या आणि काही न बोलता छातीवर तळवा ठेवून त्याच्याकडे उघडला. तो अंग टाकून त्यांच्याकडे झेपावला.

मागून कुणीतरी म्हणालं, ताई, फोटो काढा ना लवकर, कढी थंड होतेय.

"याचे कान तपासून घे बेटा," त्या हळूच म्हणाल्या.

मला राग आला. इतक्या लोकांसमोर. वीस वर्षांचं प्रेम एका क्षणात आटलं म्हणा ना. मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही डॉक्टर नाही."

"नाही. मी बहीण आहे," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ उदेसिंग. त्यालाही सगळे गुणी म्हणायचे, शांत म्हणायचे. चार वर्षांचा होईपर्यंत. माझी आईसुद्धा तुझ्यासारखीच डोळ्यांत तेल घालून बघणारी होती. रागावून जा, चालेल. पण महिनाभराच्या आत दाखव."

मग त्यांनी पेन घेतलं. फोटोवर सहीच्या जागी लिहिलं, 'अमृतसाठी. तपासल्यावर मला कळव,' आणि खाली नंबर. हेमकांतच्या हातातला फोन तसाच वर राहिला होता. आमचा एकत्र फोटो निघालाच नाही.

जेवलो नाही. स्टेशनवर येऊन बसलो. ते स्टेशन अर्धं गुजरातेत आहे, अर्धं आपल्यात. आमचा बाक कुठल्या बाजूला होता आठवत नाही. मी बोलत होते, थांबतच नव्हते. आता ओळख ना पाळख, पोराला नावं ठेवते, नटी ती नटीच. हेमकांत चहा घेऊन आले. तेवढ्यात न थांबणारी मालगाडी आली आणि लांबूनच तिने हॉर्न दिला, लांबलचक. बाकाजवळ बांधलेली एक शेळी दावं ताणून उडाली. हेमकांतच्या हातातला चहा सांडला. मी स्वतः कानावर हात नेला, आणि अमृत माझ्या खांद्यावर बोटाने माझ्या कानातल्याचा मोती फिरवत होता.

गाडी गेल्यावर मी बोलायची थांबले.

हेमकांत म्हणाले, "उद्या जाऊ."

मी म्हणाले, "रंजनाबाईंनी सांगितलं होतं. तीन महिन्यांपूर्वी." ते त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बेरा नावाची तपासणी लिहून दिली. बाळाला झोपवून डोक्याला तारा लावतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघतात. त्याला झोपवायला दोन तास लागले, कारण त्या दिवशी नेमका त्याला झोपायचं नव्हतं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, असं निघालं. मी विचारलं, माझं काही चुकलं का. डॉक्टर म्हणाले, यात तुमचा दोष नाही, आणि वर्षाच्या आत आणलंत ते फार बरं झालं, बोलणं याच वयात रुजतं. त्या 'वर्षाच्या आत'चं श्रेय माझ्या वहीला नव्हतं.

नवव्या महिन्यात त्याच्या कानांमागे दोन छोटी यंत्रं लागली. घरी आलो, सासूबाईंनी कुकर लावला होता. पहिली शिट्टी झाली आणि अमृत थिजला. मग खालचा ओठ बाहेर काढून असा भोकाड पसरला की बस. सासूबाई गॅस बंद करायला धावल्या. मी म्हणाले, आई, राहू द्या, अजून एक होऊ द्या. आणि आम्ही तिघंही त्या रडणार्‍या पोराभोवती उभे राहून हसत होतो, डोळे पुसत होतो.

रंजनाबाईंकडे गेले ते दुसर्‍या दिवशी. त्या कुणाच्या तरी नातीला मालीश करत होत्या. मी माफी मागितली, त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, "तू ते बी.एस्सी. शे ना माय. मन्हीपाशी नुसती वाटी शे." मग तेलाचा हात पदराला पुसून अमृतला मांडीवर घेतलं, वाटी त्याच्या मागे नेली आणि आपटली. तो वळला. त्यांनी वाटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि आणखी चार वेळा आपटली. चारही वेळा वळला. त्या दिवशी तेल राहूनच गेलं.

रिबेकाताईंना व्हिडिओ कॉल लावला. आधी मी रडले, मग बोलले. त्या म्हणाल्या, उदेसिंग शेजारीच बसलाय, त्याला दाखव. एक पिकल्या मिशांचा माणूस पडद्यावर आला, त्याने छातीवर तळवा ठेवून उघडला. ताईंनी मागून हाक मारली, "अमृत." पोरगं आधी खुणेकडे बघून हसलं, आणि मग फोनच्या मागे बघायला लागलं, आवाज कुठून आला ते शोधत. आता मी दोन्ही शिकवते त्याला, बोलणंही आणि नीरवेच्या खुणाही. तो चौदा महिन्यांचा आहे. काल त्याने धनुबाईंना "आजी"च्या जवळपासचं काहीतरी म्हटलं. आता दारावरची कडी वाजली तरी दुपारी उठून बसतो, घरात कुणाची झोप होत नाही, आणि माझी काही तक्रार नाही.

रिबेकाताईंनी नंबर लिहून दिलेला फोटो मी देवघराशेजारी लावलाय. सही नसलेला. ग्रुपवर सगळ्यांनी आपापले सहीवाले फोटो टाकले होते, मी माझा आजवर टाकला नव्हता. आज ग्रुपवर आणि ग्रुपबाहेरही टाकते आहे, आणि त्याच्यासोबत हे लिहिते आहे.

तुमच्या घरात, शेजारी, नात्यात एखादं बाळ असेल ज्याला सगळे गुणी म्हणतात, डीजेतही झोपतं म्हणतात, तर आजच तिकडे एक चक्कर मारा. आईला राग आला तर येऊ द्या. बाळाला खांद्यावर धरायला सांगा, त्याला तुमची सावली दिसणार नाही, वारा लागणार नाही, पाळणा हलणार नाही असं मागे उभं राहा आणि वाटी वाजवा. वळलं तर छानच. पण वळो न वळो, त्याचा दवाखान्याचा कागद काढून बघा, कानाची तपासणी झाली आहे का. झाली नसेल तर तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत जा.