टोपणभर माया

मित्रांनो, दचकू नका, मीच बोलतोय! मी होडीतलं एक जुनं डिझेल इंजिन आहे, पण आमच्या धक्क्यावर सगळे मला 'पैलवान' म्हणतात. म्हणून मीही ऐटीत पुरुषासारखं 'आलो-गेलो' असंच म्हणतो!

कारखान्यातून निघालो तो थेट होडीवाल्या काकांकडे आलो. माणसांना नदीपार न्यायचं हे माझं काम. माझ्या पोटात हवा दाबून दाबून तापते. तिच्यावर डिझेलचा बारीक फवारा पडला की धडाम्! ठिणगीबिणगी लागतच नाही आपल्याला.

काकांचा माझ्यावर भारी जीव. दुकानात त्यांना एक 'शक्तिवर्धक' बाटली दिसली. झालं! रोज सकाळी माझ्या वंगणतेलात एक टोपण.

काकू फणकारायच्या, "इंजिनाला टॉनिक, आणि मला मेलीला बिनसाखरेचा चहा!"

"अगं, त्याचं वय झालंय आता," काका म्हणायचे आणि आणखी अर्धं टोपण ओतायचे.

हळूहळू मला धाप लागू लागली. काळा धूर सुटला. एकदा तर भर पाण्यात बंद पडलो. लोक कुरकुरले. मिस्त्री मला बाहेरूनच बघून म्हणाले, "काका, भंगारात द्या आता." काकांनी नाइलाजाने भंगारवाल्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला दोरखंड घेऊन हजर! माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं.

काकू मात्र आडव्या आल्या. "आधी पोट उघडून बघा. मग न्यायचं तर न्या!"

मिस्त्रींनी माझं डोकं उघडलं. आत राखेची ही जाड पुटं! "काका, तेलात काय घालता?"

काकांनी कौतुकाने बाटली दाखवली.

"अहो, तेलात ही द्रव्यं कारखान्यातच मोजून घातलेली असतात! जेवून उठलेल्याला पुन्हा ताटावर बसवताय तुम्ही. थोडं तेल वर सरकून डिझेलबरोबर जळतं, पण द्रव्यांची राख मागे उरते. ती फवाऱ्याच्या तोंडाशी साचली. मग डिझेल अर्धवटच जळणार ना?"

काकांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे मीच याला..."

"मायेनेच केलंत हो," काकू हळूच म्हणाल्या.

राख खरवडली, तेल वर सरकू देणाऱ्या झिजलेल्या रिंगा बदलल्या, फवाऱ्याचं नवं तोंड बसवलं, ताजं तेल भरलं. काकांनी डोळे मिटून हँडल फिरवलं. एकदा. दोनदा. आणि मी असा गरजलो, की भंगारवालाच टाळ्या पिटत होडीत चढला! "चला, मलाही सोडा पलीकडे!"

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा. फक्त ओतण्याआधी विचारा, याला खरंच भूक लागली आहे का?